फिरदोस, दमानं

सोलापुरात फिरदोसला नावानं हाक मारणारं माणूस एकच होतं, आणि तेही रोज सकाळी तिच्यावर ओरडत असे.

बाकीच्यांनी तिचं नाव कधी वापरायलाच घेतलं नव्हतं. सात रस्ता चौकामागच्या त्या इमारतीत ती ‘मोईनभाईंची घरवाली’ होती, भाजीवाल्याची ‘भाभी’ होती, सासूची ‘पोरी’ होती. खुद्द मोईन नुसतं ‘सुन गे’ म्हणून भागवायचा. गुलबर्ग्याला अब्बा होते तेव्हा ते अंगणातून तिचं नाव असं लांबवून घेत, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. अब्बांचं आजारपण काढता काढता तिचं लग्नाचं वय निघून गेलं. मग अब्बाही गेले, आणि भावांनी पस्तिशी ओलांडलेल्या बहिणीसाठी सोलापूरचा एक विधुर शोधून काढला. माणूस चांगला निघाला, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. फक्त तो ट्रकवर असायचा. टेंभुर्णीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा माल घेऊन कधी सुरत, कधी चेन्नई, आणि पंधरवड्यानं घरी आला की गाढ झोपायचा. झोपलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि बोलताही येत नाही.

घरात सासू होती, हुसेनबी. ती मूळची वळसंगची, खेड्यात वाढलेली, त्यामुळे तिला उर्दूपेक्षा मराठी जवळची होती. कान मात्र कुठल्याच भाषेला जवळ करत नव्हते. मोईननं कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून म्हातारीनं ते कपाटात टाकलं ते टाकलंच. मग फिरदोसला जे सांगायचं ते ओरडून सांगावं लागे. आता ओरडून काय सांगता येतं? चहा झालाय, गोळी घ्या, दार लावून घ्या, एवढंच. मनातली गोष्ट काही ओरडून सांगता येत नाही. लग्नानंतरच्या दीड वर्षात फिरदोसच्या मनात बरंच काही साठलं होतं.

त्यात रोज सकाळी त्या बायका खालून जायच्या. दहा-बारा जणी, पायात बूट, कुणी पंजाबी ड्रेसवर तर कुणी ट्रॅक पँटवर, विजापूर रस्त्याच्या दिशेनं पळत आणि पळता पळता बोलत. त्यांचं हसणं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत यायचं. फिरदोस दुधाची पिशवी हातात धरून ऐकत उभी राहायची. शब्द कळायचे नाहीत, पण हसणं कळायला शब्द लागत नाहीत. डॉक्टरनं साखर काठावर आहे, रोज चालत जा म्हणून सांगितलं, तेव्हा कुणालाही झाला नसेल इतका तिला त्या साखरेचा आनंद झाला. दुसऱ्याच आठवड्यात तिनं बूट आणले आणि खाली जाऊन उभी राहिली. तिला पळायचं नव्हतंच. तिला त्या घोळक्यात असायचं होतं.

घोळक्याच्या पुढारी होत्या वैजयंतीबाई. मुलींच्या शाळेत उभं आयुष्य खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी, बुडाखाली स्कूटी. गुडघे गेल्यामुळे त्या स्वतः पळत नसत. स्कूटीवरून मागे-पुढे करत आणि शाळेतल्यासारखं एकेकीचं नाव घेऊन दोष काढत. जानेवारीतल्या शर्यतीत या सगळ्या बायकांना लांब पल्ल्याचं पळवायचंच, असा त्यांचा पणच होता.

पहिल्या दिवशी बाईंनी फिरदोसकडे पाहून आपली हिंदी बाहेर काढली. ती हिंदी अशी होती की फिरदोसलाच त्यांची दया आली. “मराठी समझता है क्या?” बाईंनी विचारलं. “समजते की,” फिरदोस म्हणाली. तो ‘की’ तिनं भाजीवाल्याकडून उचलला होता आणि तो बरोबर जागी बसला म्हणून ती मनातून खूश झाली. बाई तर तिच्याहून खूश झाल्या. त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं, आणि हिंदी जी आत ठेवली ती पुन्हा काढली नाही. त्या एका ‘की’नं पुढं केवढा घोटाळा केला, ते दोघींपैकी एकीलाही कळायचं कारण नव्हतं.

बाईंचे नियम थोडे होते, पण त्या ते जपासारखे म्हणत. आठवड्यातून एकच दिवस, गुरुवारी, जोरात पळायचं, बाकी सगळे दिवस सावकाश. अंतर एकदम वाढवायचं नाही. दुखलं तर थांबायचं, मिरवायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की समजायचं आपण चुकलो. हा शेवटचा नियम ऐकला तेव्हा फिरदोसच्या अंगावर रोमांच आले. ज्या जागी बोलणं हाच नियम आहे अशा जागी आपण येऊन पडलो, असं तिला वाटलं.

पण नव्या उत्साहात ती पहिल्या दिवशी घोळक्याच्या थोडी पुढे गेली. नवं माणूस जातंच. बाईंनी मागून हाक दिली. “फिरदोस, दमानं!”

तिचं नाव. भर रस्त्यात, खणखणीत आवाजात, पूर्ण नाव. कितीतरी महिन्यांनी तिनं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मग तिचं लक्ष पुढच्या शब्दाकडे गेलं. हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता, पण तो फोडायला तिला वेळ लागला नाही. हातानं म्हणजे हाथ से. चमच्यानं म्हणजे चम्मच से. तर दमानं म्हणजे दम से. म्हणजे जोर लावून, हिंमतीनं, जीव ओतून. गुलबर्ग्याला पोरांच्या कबड्डीत लोक हेच तर ओरडायचे. तिचं व्याकरण अगदी बिनचूक होतं, आणि तिथंच सगळं बिघडलं. ‘दमानं’ म्हणजे हळू, सावकाश, हे मराठी मुलाला रांगतानाच कळतं, ते कुणी कुणाला समजावून सांगत नाही. म्हणून तिला कुणी सांगितलं नाही.

फिरदोस जोरात सुटली.

“अगं दमानं, दमानं!” बाई ओरडल्या. ती आणखी जोरात सुटली.

त्या दिवसापासून रोज हेच. नेहरूनगर यायच्या आत बायकांचं हसणं तिच्या मागे पडायचं, सैफुलपर्यंत ते ऐकूही यायचं नाही. विजापूर रस्त्यावर ती एकटी, बाजूनं ऊस नाहीतर सिमेंट भरलेल्या गाड्या, आणि मधूनच मागून ती हाक. दुसऱ्या कुणाला बाई ‘दमानं’ म्हणत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं होतं. मारियाला त्या टाचेवरून बोलत, पूनमला खांद्यांवरून. मारिया दवाखान्यात नर्स होती, पूनम बँकेत होती, दोघी जुन्या, बाईंच्या लाडक्या. पण जोर लावायला बाई फक्त आपल्याला सांगतात. बाईंना आपल्यात काहीतरी दिसलं असणार, असं म्हणत ती स्वतःच हरभऱ्याच्या झाडावर चढली. गप्पांचा नियम बाकीच्यांसाठी आहे, आपली परीक्षा वेगळी आहे. एकदा ती पास झाली की बाई म्हणतील, बस झालं, आता ये सगळ्यांत. या आशेवर ती जीव तोडून पळत राहिली.

मोईन टेंभुर्णीच्या ढाब्यावरून फोन करायचा तेव्हा तिनं त्याला सांगितलं, मॅडम मला रोज दम से दौडायला सांगतात. मोईन मूळचा सोलापूरचा. तिनं मूळ शब्द उच्चारला असता तर तो ढाब्याच्या खाटेवरून हसून खाली पडला असता. पण तिनं त्याला अर्थ सांगितला, शब्द सांगितला नाही. मग मॅडम सांगतायत तर दौड, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

इकडे बाईंचं डोकं फिरायची वेळ आली होती. ही बाई सावकाशीच्या दिवशी सुसाट पळते, आणि गुरुवारी, जोर लावायच्या दिवशी, हिच्या पायात काही उरलेलंच नसतं. फरफटत सगळ्यांच्या मागून येते. शाळेत त्यांनी आगाऊ पोरी पाहिल्या होत्या, पण ही तर चाळिशीला टेकलेली बाई, आणि मराठी समजते असं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली. म्हणजे मुद्दामच करते, असं त्यांनी ठरवून टाकलं. घोळक्यानं तर ते केव्हाच ठरवलं होतं. ती मागून आली की बायका सवयीनं डावीकडे सरकून वाट द्यायच्या. पळून झाल्यावर सगळ्या पारावर बसून चहा घ्यायच्या, तेव्हा फिरदोस धापा टाकत एका कडेला ओणवी असायची. दम परत येईपर्यंत सासूच्या चहाची वेळ झालेली असायची आणि ती निघून जायची. एकदा तिच्या पाठीमागे पूनमचा आवाज आला, “तिला आपल्यात मिसळायचंच नाही की.” एवढं मराठी तिला नीट कळत होतं. त्या दिवशी भाकरी थापताना ती तव्यासमोर रडली. मिसळण्यासाठी तर मी मरमर पळतेय, हे ती कुणाला सांगणार? हुसेनबीला ओरडून?

मग नडगी दुखायला लागली. बाईंनी आठवडाभर घरी बस म्हणून बजावलं. त्या आठवड्यात तिला कुणीच हाक मारली नाही. खालून घोळका जायचा आणि ती गॅलरीत उभी असायची, पहिल्यासारखीच. फरक एवढाच की आता तिला त्यातल्या प्रत्येकीचं नाव माहीत होतं.

ती परत आली त्या दिवशी बाईंनी तिला समोर उभं करून सांगितलं. दुखण्यातून उठलीयेस, आज तरी ऐक, दमानं, कळलं? फिरदोसनं मान हलवली. दुखण्यातून उठलेल्या माणसाकडून बाई एवढी अपेक्षा ठेवतात म्हटल्यावर तिनं सगळं पणाला लावलं. सैफुलच्या अलीकडे तिला वांती झाली. रस्त्याच्या कडेला खांबाला धरून ती वाकली असताना बाईंची स्कूटी येऊन आडवी उभी राहिली. मागून घोळका आला आणि थांबला. बाईंचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

“माझं ऐकायचंच नसेल, तर उद्यापासून येऊ नकोस.”

मारियानं पाण्याची बाटली पुढे केली, आणि मग सगळ्या निघून गेल्या. फिरदोस सात रस्त्यापर्यंत चालत आली. तिला राग येत नव्हता, काहीच कळत नव्हतं. याहून जास्त दम माणूस कुठून आणणार? दम कमी पडला म्हणून आपल्याला काढून टाकलं, असा तिनं अर्थ लावला.

त्याच दिवशी सासूला डोळे दाखवायला न्यायचं होतं. लिफ्ट बंद होती, ती बहुतेक वेळा बंदच असायची. हुसेनबीनं एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं सुनेचा दंड धरला आणि दोघी उतरू लागल्या. फिरदोसचं लक्ष पायऱ्यांवर नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ती आडवी उभी राहिलेली स्कूटी होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर म्हातारी म्हणाली, “दमानं, पोरी.”

शब्द कानावर पडायचा अवकाश, फिरदोसच्या पायांनी वेग घेतला. इतक्या महिन्यांची सवय होती. म्हातारी दोन पायऱ्या फरफटली, कठडा सुटला, आणि ती धपकन पायरीवर बसली. नशीब, बसलीच, पडली नाही.

“आगं दमानं म्हन्ले की मी!” हुसेनबी ओरडली. “मारतीस का काय मला?”

“दम से ना, अम्मा?” फिरदोसही ओरडली. म्हातारीला ऐकू जावं म्हणून ओरडली, की आणखी कशानं, कुणास ठाऊक.

हुसेनबीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या सुरकुत्यांमधून हसू वर येऊ लागलं. “दमानं म्हंजे हळू गं. आहिस्ता. येवडं बी ठावं न्हाय व्हय तुला?”

म्हातारी पायरीवर बसून पोट धरून हसली. फिरदोस तिच्या शेजारी बसली आणि तिच्या कानात ते सगळे ‘दमानं’ एकामागून एक वाजू लागले. पहिल्या दिवसाचा. पावसातला. दुखण्यातून उठल्यावरचा. प्रत्येक वेळी ती बाई सांगत होती, थांब, मागे ये, सगळ्यांत ये. आणि प्रत्येक वेळी हिनं पाठ फिरवून धूम ठोकली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याला कुणी बाहेर ठेवलं नव्हतं, आपणच रोज पळून जात होतो, हे कळायला तिला ही पायरी लागली. ती हसली नाही. सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून ती बसून राहिली, आणि हुसेनबीनं काय झालं ते विचारलं नाही, कारण उत्तर ऐकू आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चहा उकळताना तिनं वाक्य तयार केलं. बाई, मला दमानं म्हणजे जोरात वाटलं. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. वाक्य सोपं होतं आणि बरोबरही होतं. खाली जाईपर्यंत ते तिच्या जिभेवर होतं.

बाईंनी तिला पाहिलं, भुवया चढवल्या, आणि घड्याळाकडे पाहत शिट्टी वाजवली. वाक्य जिभेवरच राहिलं. घोळका निघाला, तीही निघाली. हळू. आयुष्यात पहिल्यांदा ती इतकी हळू पळत होती की पायाखालचा रस्ता तिला दिसत होता. घोळक्याजवळ आली तशा बायका डावीकडे सरकल्या. तिच्यासाठी वाट झाली. ती त्या वाटेनं पुढे गेली नाही. पूनमच्या बाजूनं तशीच पळत राहिली. मग बायकांना कळेना की हिचं काय करायचं. चाललेलं बोलणं थांबलं. नेहरूनगर येईपर्यंत नुसते बुटांचे आवाज.

पुढे गप्पा पुन्हा सुरू झाल्या, जरा दबक्या आवाजात, कुणाच्या तरी मुलीच्या क्लासबद्दल. बोलणं तिच्या डावीकडून उजवीकडे जात होतं, उजवीकडून डावीकडे येत होतं, आणि मध्ये ती होती. इतके महिने जिची वाट पाहिली ती जागा ही. छातीत श्वास भरपूर होता. बाईंचा नियम आता तिला पाळता येत होता, फक्त बोलायला कुणी नव्हतं. तिनं पूनमकडे पाहिलं. पूनम समोर पाहत होती.

स्कूटी मागून आली. “मारिया, टाच,” बाई म्हणाल्या. “पूनम, खांदे सैल सोड.” फिरदोसनं कान टवकारले. स्कूटी तिच्या बाजूनं गेली, पुढे गेली, वळून परत मागे गेली. बाई तिला काही म्हणाल्या नाहीत. काय म्हणणार? तिचं काही चुकतच नव्हतं. आज ती पहिल्यांदा अगदी बरोबर पळत होती, आणि म्हणून आज सोलापुरात तिचं नाव घ्यायचं कुणाला काही कारण उरलं नव्हतं.

हे तिला सोसलं नाही. सैफुलचा चौक दिसला तशी तिनं पावलं लांब टाकली. घोळका मागे पडला. रस्ता मोकळा झाला, तोच जुना, एकटीचा रस्ता. ती कान मागे लावून पळत राहिली.

“फिरदोस, दमानं!”

आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती लगेच हळू झाली. मागे बाईंनी सुस्कारा सोडला असेल, कोण जाणे. घोळका येऊन तिला मिळाला. बायका पुन्हा आपल्या बोलण्यात गेल्या. थोडं अंतर गेलं, आणि तिनं पुन्हा वेग वाढवला. पुन्हा हाक आली, पुन्हा ती हळू झाली. आता तिला शब्दाचा अर्थ पक्का कळला होता, आणि तिला तो अर्थ नकोच होता, तिला त्याच्या आधीचा शब्द हवा होता. नडगी ठणकायला लागली होती. सैफुलहून सगळ्या परत वळल्या होत्या, घर जवळ येत होतं. वर हुसेनबी उठली असेल, पोरी, चहा, म्हणत असेल. आणखी एकदा, तिनं ठरवलं, शेवटचं, आणि ती सुटली.

या वेळी हाक आली नाही. स्कूटी मागे कुठंतरी सिग्नलला अडकली असावी. ती पळत राहिली, ऐकत राहिली. तिच्या मागे फक्त गाड्यांचे आवाज होते. मग त्यात बुटांचा आवाज मिसळला, जवळ आला, आणि कुणीतरी धापा टाकत तिच्या बरोबरीला आलं. पूनम होती. तिचे खांदे कानापर्यंत चढले होते, तोंड लाल झालं होतं.

“फिरदोस,” ती कशीबशी म्हणाली, “दमानं की.”

आवाजात माया नव्हती, चक्क वैताग होता. एवढं धावायला लावल्याचा वैताग. पण नाव पूर्ण होतं, आणि ते हातभर अंतरावरून आलं होतं. फिरदोसचे पाय आपोआप मंदावले. तिनं पूनमचा श्वास ऐकला, आपला वेग त्याच्याइतका खाली आणला, आणि दोघींची पावलं एका ठेक्यात पडू लागली. सकाळचं वाक्य तिनं आठवून पाहिलं. ते केव्हाच विस्कटून गेलं होतं. पण काहीतरी बोलायला हवं होतं, आणि घरात रोज कानावर पडणारा एक शब्द जवळ होता.

“व्हय,” फिरदोस म्हणाली.

वळसंगचा तो शब्द तिच्या तोंडी ऐकून पूनमनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पळता पळता फिरदोस कुणाशी तरी बोलली होती, आणि तिला धाप लागली नव्हती.